धरून बसलेला बोल्ट

आपल्यासारख्या बदलीच्या नोकरदारांच्या घरी जुन्या वस्तू सहसा टिकत नाहीत. दर तीन-चार वर्षांनी सामान बांधावयाचे आणि प्रत्येक खेपेला काही ना काही मागे टाकावयाचे, असा आपला क्रम. पाटा-वरवंटा आधी जातो, मग पुस्तकांचे गठ्ठे जातात, मग एखादे शिसवी कपाट शेजाऱ्याच्या गळ्यात पडते. अशा या जमातीतला एक मनुष्य तीस वर्षांहून अधिक काळ एकच मोटारसायकल बाळगतो, ती कारवारहून धारवाडला आणि धारवाडहून बेंगळुरूला नेतो, ही गोष्ट मला नेहमीच नवलाची वाटत आली आहे. हे गृहस्थ आमच्या कार्यालयात होते. मी नोकरीस लागलो तेव्हा ते निवृत्तीच्या उंबरठ्यावर पोचलेले होते. बेळगावचे असल्यामुळे त्यांच्या मराठीला कानडी हेल होता आणि त्यांच्या टिपणांच्या इंग्रजीला दोन्हींचा. आम्ही तरुण मंडळी त्यांना काका म्हणत असू.

काका गेल्या वर्षी वारले. त्यांची येझदी येलहंका न्यू टाउनमधील भाड्याच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, आधीच चार वर्षे उभी होती. नाशिकच्या मुलाने आईला घेऊन जावयाचे ठरविले, घर जूनअखेर रिकामे करून द्यावयाचे होते, आणि एका रविवारी काकूंनी मला बोलावून विचारले, “अरे, भंगारवाला साडेतीन हजार देतो म्हणतोय. देऊन टाकू का? तुझं काय म्हणणं?”

मी म्हणालो, “काकू, तुमच्या मनात काय आहे?”

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझ्या मनात काय असायचं? मला काय चालवता येते? पण वजनावर विकू नये असं वाटतं बघ.”

एवढ्यावरून मी ती गाडी घेतली. घेतली म्हणजे घ्यावयाचे कबूल केले. कारण मृत मालकाची गाडी वारसाच्या नावावर चढावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१. मग वारसाकडून घेणाऱ्याच्या नावावर, त्यासाठी २९ आणि ३०. आणि नोंदणीची मुदत संपत आलेली असल्यामुळे नूतनीकरणाचा फॉर्म २५. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या खाजगी गाडीची नोंदणी नंतर पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि त्या वेळी गाडी निरीक्षकापुढे उभी करावी लागते, हे आपल्यापैकी ज्यांच्याजवळ जुने वाहन आहे त्यांना ठाऊक असेल. कागदांची मला धास्ती नव्हती. माझे पोटच कागदांवर चालते. अडचण होती ती लोखंडाची.

येझदीविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. जावा हे नाव मूळचे चेकोस्लोव्हाकियातले. यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली जर्मनीच्या वाँडरर कंपनीची मोटारसायकल बनविण्याचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून हा शब्द सिद्ध झाला. इराणी कुटुंबाच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ च्या सुमारास म्हैसूरमध्ये या गाड्या बनविण्यास प्रारंभ केला; १९७० च्या दशकात त्यांना येझदी हे नाव मिळाले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ पासून नव्या कंपनीने जुनी नावे पुन्हा बाजारात आणली आहेत, पण त्या गाड्या वेगळ्या. जुन्या येझदीचे एंजिन दोन फटक्यांचे, सिलिंडर एकच आणि धुरांडी मात्र दोन. किक मारण्याचा दांडा आणि गिअर बदलण्याचा दांडा एकच. किक मारून झाली की तोच दांडा पुढे वळवून गिअरसाठी वापरावयाचा. इतकी काटकसर केवळ एखाद्या लेखा विभागालाच सुचावी, असे काका म्हणत. बेंगळुरूत या गाडीचे भक्त उदंड आहेत आणि दर जुलैत ते आपापल्या गाड्या घेऊन एकत्र जमतात. काका कधी गेले नाहीत. गर्दीत गाडी तापते, हे त्यांचे कारण.

त्यांनी ही गाडी १९९१ साली कारवारला असताना घेतली. नंबर अजून के.ए. ३० चाच आहे. येलहंक्याचा आकडा ५०. कारवारात ती सहा पावसाळे उघड्यावर होती. समुद्राचा वारा, खारट दमट हवा आणि वर कोकणाला शोभेल असा पाऊस. त्या सहा वर्षांत काय पेरले गेले ते आज उगवले होते.

क्रँकच्या बेअरिंगमधून खडखड येत होती. दोन फटक्यांच्या या एंजिनात क्रँकपर्यंत पोचावयाचे तर एंजिन चौकटीतून खाली उतरवून त्याचे दोन भाग वेगळे केल्यावाचून गत्यंतर नसते. एंजिन चौकटीला धरून ठेवणारे बोल्ट काढले की ते उतरते. पुढला बोल्ट मुकाट्याने निघाला. मागला, वीतभर लांबीचा, खालच्या बाजूचा बोल्ट निघेना. नट सुटला, वॉशर सुटला, पण बोल्ट तसूभर हलला नाही. काकांच्या हयातीतच एका गॅरेजने त्यावर घण चालविला होता. त्याचे आट्यांचे टोक कुत्र्याच्या छत्रीसारखे पसरलेले होते आणि चौकटीवर हातोड्याचे व्रण होते. त्यानंतर काकांनी गाडी शेडमध्ये लावली ती लावलीच. घणाचा आवाज ऐकून ते त्या दिवशी जेवले नाहीत, असे काकू म्हणाल्या. खरे-खोटे त्यांचे त्यांना ठाऊक.

बोल्ट पोलादी असतो आणि एंजिनाची पेटी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. पेटीला मागे जे भोकाचे उंचवटे असतात त्यांना मेकॅनिक मंडळी कान म्हणतात. त्या कानांतून हा बोल्ट आरपार जातो. दोन निराळे धातू एकमेकांना लागून असले आणि मध्ये खारे पाणी शिरले की तेथे एक लहानशी विद्युत्‌घटमाला तयार होते आणि त्या दोहोंतील जो हलक्या कुळातला तो झिजू लागतो. लोखंड आणि ॲल्युमिनियम यांच्या जोडीत ॲल्युमिनियमवर ही पाळी येते. त्याची पांढरी भुकटी होते, आणि ही भुकटी मूळच्या धातूपेक्षा अधिक जागा मागते. बोल्ट आणि कान यांच्यामधील फट आधीच केसाएवढी. तीत ती भुकटी ठासून बसते. शिवाय लोखंडाचा स्वतःचा गंज असतोच, आणि तोही फुगतो. म्हणून अशा बोल्टचे दुखणे आट्यांत नसते, त्याच्या सबंध अंगात असते. नट सुटला म्हणून आनंद मानण्यात अर्थ नसतो.

या दुखण्याचा इतिहास जुना आहे. समुद्रातील किडा लाकूड पोखरतो म्हणून ब्रिटिश आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी, १७६३ मध्ये, तपासणी झाली तेव्हा तांबे उत्तम होते, पण ते जेथे लोखंडी खिळ्यांना लागत होते तेथील खिळे पार खाल्ले गेले होते. या जोडीत हलक्या कुळाचे ठरले ते लोखंड. मौज अशी की काही खिळे शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद कोठे कोठे तसाच राहिला होता, आणि जेथे तांबे आणि लोखंड यांच्यामध्ये कागद आला तेथे लोखंड वाचले. दोन पक्षांमध्ये कागद आल्यामुळे काम बिघडते, असा आरोप आपल्यावर रोज होतो. त्याला उत्तर म्हणून हे उदाहरण मी जपून ठेवले आहे.

घण मारावयास माझी ना नव्हती, पण त्या कानावर एंजिनाचे सारे भवितव्य होते. एंजिनाचा क्रमांक पेटीवरच कोरलेला असतो. कान तुटला, तर अर्गॉन वेल्डिंगने जोडता येतो खरा. परंतु तीस वर्षे तेल प्यालेल्या ओतीव धातूवर ते वेल्डिंग धड बसत नाही, फुगे धरते. मग दुसरी पेटी शोधावयाची. शिवाजीनगरच्या गुजरीत ती मिळेलही. (आमच्या कोल्हापुरात गुजरी म्हणजे सोन्या-चांदीची पेठ, बेंगळुरूच्या शिवाजीनगरात गुजरी म्हणजे मोडलेल्या गाड्यांचा बाजार. शब्दांच्याही बदल्या होतात.) पण त्या पेटीवर दुसऱ्या कोणाचा तरी क्रमांक असणार, ती गाडी कोणाची, मोडली की चोरली गेली, याचा पत्ता नाही, आणि नोंदणीपुस्तकातील क्रमांकाशी तो जुळणार नाही. परवानगी, खुलासे, प्रतिज्ञापत्र. जूनअखेर काकू नाशिकला गेल्यावर सही कोणाची घ्यावयाची? म्हणजे कान तुटला असता तर भंगारवाल्याचेच म्हणणे खरे ठरले असते.

जुन्या येलहंक्यात, बाजाराच्या मागल्या गल्लीत, एक वयोवृद्ध मेकॅनिक आहेत. त्यांना सारे चाचा म्हणतात. त्यांची भाषा बेंगळुरूची दखनी. माझ्याबरोबर ते शेडमध्ये आले, उकिडवे बसले, बोल्टकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि मी हातोडी उचलून पुढे करताच म्हणाले, “मारो नक्को साब. पहले दवा पिलाव.”

त्यांच्या ‘नक्को’ने मला क्षणभर घरी गेल्यासारखे वाटले. हा आपलाच ‘नको’. दखनीत तो शतकानुशतके राहतो आहे. १६३८ च्या सुमारास शहाजीराजे विजापूरच्या फौजेबरोबर या मुलखात आले आणि बेंगळुरू त्यांच्या जहागिरीत आले. त्याच्या शंभर वर्षे आधी, १५३७ साली, येलहंक्याच्या केंपेगौडाने बेंगळुरू वसविले होते. आज लोक येलहंक्याला बेंगळुरूचे उपनगर म्हणतात, तेव्हा बाप मुलाच्या नावाने ओळखला जावा तसे वाटते. पण हे विषयांतर झाले.

चाचांची दवा म्हणजे गंज सोडविणारे तेल. बाजारात अनेक प्रकारची मिळतात. सर्वांत प्रसिद्ध डब्ल्यूडी-४०. ते १९५३ साली अमेरिकेत अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरील पाणी हटविण्यासाठी तयार झाले आणि चाळिसाव्या प्रयत्नात साधले म्हणून ते नाव पडले. चाचांना त्याचे कौतुक नव्हते. ॲसिटोन आणि गिअरपेटीचे पातळ तेल समभाग घेऊन ते स्वतःच मिश्रण करीत आणि औषधाच्या जुन्या बाटलीत ठेवीत. प्रथम त्यांनी तारेच्या ब्रशने दोन्ही तोंडांची भुकटी आणि चिखल साफ केला, पसरलेले टोक कानशीने घासून मूळच्या जाडीवर आणले, कारण ते टोक भोकातून जाणारच नव्हते. मग ड्रॉपरने दोन्हीकडून तेल सोडले आणि लहान हातोडीने बोल्टच्या डोक्यावर टक्‌ टक्‌ असे हलके ठोके दिले. या ठोक्यांनी बोल्ट सरकावा अशी अपेक्षा नसते. भुकटीत बारीक तडे जावेत आणि तेलाला वाट मिळावी, एवढेच. “रोज सुबह-शाम,” असे मला सांगून ते निघून गेले.

पुढले आठ दिवस मी कार्यालयास जाण्यापूर्वी आणि आल्यानंतर त्या शेडमध्ये जाऊन तेल सोडीत होतो. काकू सामान बांधीत असत. टक्‌ टक्‌ ऐकली की त्या मागच्या दारात येऊन उभ्या राहत आणि “पी म्हणावं, पी” असे म्हणून आत जात. एकदा त्यांनी मला चहाबरोबर एक लहान स्टीलचा पेला आणून दाखविला. दोन फटक्यांच्या एंजिनात पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. ते तेल काका या पेल्याने मोजीत. पेल्याला आतून खिळ्याने ओरखडा काढून खूण केलेली होती. स्वयंपाकघरातला हा पेला १९९१ साली गेला तो परत आला नाही, अशी त्यांची तक्रार होती.

दुसऱ्या रविवारी चाचांनी लांब दांड्याचा पाना डोक्याला लावला. बोल्ट हलला नाही. जोर आणखी वाढविता आला असता, पण जास्त पिळले की डोकेच तुटून हातात येते आणि मग धरावयास काही उरत नाही. चाचांनी पाना खाली ठेवला आणि गॅसची लहान बत्ती मागविली.

तापविण्यामागचे गणित साधे आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दहा मिलिमीटरचे भोक शंभर अंशांनी तापविले तर ते साधारण २३ सहस्रांश मिलिमीटरने रुंदावते. त्याच उष्णतेने बोल्ट १२ सहस्रांशाने फुगतो. म्हणजे लाभ ११ सहस्रांशांचा. केसाहूनही कितीतरी बारीक. परंतु भुकटीची पकड मोडावयास तो पुष्कळ होतो, आणि बोल्ट थंड ठेवून नुसता कान तापविता आला तर लाभ वाढतो. म्हणून ज्योत कानावर फिरवावयाची, बोल्टवर नाही. यात धोका असा की लोखंड तापले की लाल होऊन सूचना देते. ॲल्युमिनियम तसली सूचना देत नाही. ६६० अंशांना शुद्ध ॲल्युमिनियम वितळते, मिश्रधातू त्याच्याही आधी, आणि तोवर त्याचा रंग दिवसाउजेडी बदललेला दिसत नाही. चाचा मधूनमधून बोट पाण्यात बुडवून कानावर थेंब सोडीत. थेंब चुर्र होऊन उडाला की ज्योत बाजूला. पेट्रोलची टाकी आणि कार्ब्युरेटर त्यांनी आधीच काढून काकूंच्या अंगणाच्या पलीकडच्या टोकाला ठेवविले होते, बॅटरी सोडविली होती आणि ओले पोते माझ्या हातात दिले होते.

चार वेळा तापविले, चार वेळा निवू दिले. प्रत्येक वेळी, कान ऊन असताना, त्यांनी बोल्टच्या कडेला मेणबत्ती टेकविली. मेण वितळून फटीकडे ओढले जाई. पहिल्या तीन खेपांना ते कडेवरच साचले. चौथ्या खेपेस दिसेनासे झाले. “पी लिया,” चाचा म्हणाले. मग त्यांनी पाना लावला आणि, मला आश्चर्य वाटले, बोल्ट आधी आवळण्याच्या बाजूने दाबला. सोडवावयाची वस्तू प्रथम किंचित आवळावी लागते. कट्‌ असा सुपारी फुटल्यासारखा आवाज झाला.

आत काकूंनी तो ऐकला असावा. त्या बाहेर आल्या आणि घाबरून विचारू लागल्या, “काय मोडलं? काय मोडलं रे?”

मीही खाली वाकून कानाकडेच पाहत होतो. चाचांनी कानाच्या कडेवरून अंगठा फिरविला, मग पाना पाऊण इंच मागे, पाऊण इंच पुढे हलविला. बोल्टचे डोके त्याबरोबर फिरत होते, आणि दुसऱ्या बाजूचे टोकही फिरत होते. डोके तुटलेले नव्हते, कान तडकलेला नव्हता. “कुछ नै टूटा अम्मा,” ते म्हणाले. “छूटा.”

छूटा म्हटले तरी सबंध बाहेर यावयास आणखी एक रविवार लागला. फिरणारा बोल्ट एकदम ठोकून काढला तर सुटलेली भुकटी पुढे रेटली जाऊन पुन्हा पाचरीसारखी बसते. म्हणून थोडे फिरवावयाचे, तेल सोडावयाचे, राखाडी-तांबूस चिखल बाहेर येईल तो पुसावयाचा. तिसऱ्या रविवारी चाचांनी आट्यांच्या टोकाला पितळेची दांडी लावली. पितळ पोलादाहून मऊ असल्यामुळे मार स्वतः खाते आणि आटे वाचविते. ज्या कानाकडे बोल्ट सरकणार होता त्याला मी लाकडाचा ठोकळा देऊन अंगाच्या जोराने धरून राहिलो, म्हणजे हातोडीचा धक्का कानाला बसू नये. चाचांचा एक पोऱ्या पाना फिरवीत होता, चाचा ठोकीत होते. वीस-पंचवीस ठोक्यांत तो बाहेर आला. दोन्ही टोकांना बोटभर जागा अजून गुळगुळीत होती. मधला भाग मात्र देवी आलेल्या चेहऱ्यासारखा खड्ड्याखड्ड्यांचा.

येलहंक्यातच रेल्वेचा चाकांचा कारखाना आहे. १९८४ पासून तेथे आगगाडीची चाके आणि आस तयार होतात. तेथे चाक आसावर बसविताना बोल्ट नसतो, खिळा नसतो, वेल्डिंग नसते. चाकाचे भोक आसापेक्षा अणुमात्र लहान ठेवतात आणि कित्येक टनांच्या दाबाने आस त्यात घुसवितात. त्या पकडीवर सारी आगगाडी धावते. आमच्या शेडमध्ये जी पकड मोडण्यासाठी आम्ही तीन रविवार घालविले, तीच दोन-चार मैलांवर मुद्दाम निर्माण करतात. ही गोष्ट मी चाचांना सांगितली. ते ऐकून म्हणाले, “वो रेल है साब. रेल कू उतारना किसे है?”

एंजिन उतरले. बेअरिंगे आणि तेलाची सीले बदलली, त्यात विशेष सांगण्यासारखे काही नाही. नवा बोल्ट पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथवाल्याकडून करून घेतला आणि बसविताना त्याच्या सर्वांगाला ग्रीस चोपडले. तो तपकिरी कागदच म्हणावयाचा, थोडा चिकट. जूनच्या २७ तारखेस गाडी निरीक्षकापुढे उभी राहिली. त्याने चौकटीवरच्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिल फिरविली आणि ठसा घेतला. मग वाकून एंजिनावरचा क्रमांक एकेक आकडा मोठ्याने वाचला. काकू शेजारी बाकावर बसून नोंदणीपुस्तकात बोट ठेवून तो जुळवीत होत्या. शेवटचा आकडा जुळल्यावर त्यांनी पुस्तक मिटले, फॉर्मवर जेथे जेथे खूण केली होती तेथे तेथे सही केली, आणि पिशवीतून तो स्टीलचा पेला काढून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, “खुणेच्या वर तेल जाऊ देऊ नकोस. धूर होतो. ते नेहमी थोडं जास्तच घालायचे.”